कपाटांतलीं पत्रें आणि मोडेमची भाषा

पुण्याहून आमच्या एका वाचक भगिनींनीं गेल्या महिन्यांत एक लांबलचक पत्र धाडलें आहे. इतर शंकांचीं उत्तरें बाजूस ठेवून ह्या खेपेस सदराची सर्व जागा आम्ही त्या एकाच पत्रास देत आहों. त्यांची अडचण वरवर पाहतां यंत्राची असली तरी तिच्यांत एका वृद्ध मातेचें मन गुंतलेलें आहे. आणि अशीच अडचण दुसऱ्याहि कित्येक घरांतून कपाटांत बंद होऊन पडली असेल, अशी आमची समजूत आहे.

हकीकत अशी. ह्या बाईंचे धाकटे दीर १९९६ सालीं शिक्षणासाठीं अमेरिकेंत गेले. परदेशीं टेलिफोन करणें तेव्हां फार महाग पडे. विदेश संचार निगमनें आपल्या देशांत इंटरनेट सर्वांस खुलें करून (१५ ऑगस्ट १९९५) थोडेच महिने झाले होते. बाईंच्या मामंजींनीं, निवृत्तीनंतर मोठ्या हौसेनें, एक लॅपटॉप आणि निगमचें 'शेल' खातें घेतलें. शेल खातें म्हणजे चित्रें नाहींत, रंग नाहींत, काळ्या पडद्यावर नुसतीं अक्षरें. त्यांत 'पाइन' नांवाच्या कार्यक्रमांत पत्रें यावयाचीं. मामंजी रोज रात्रीं मोडेम लावीत, चिरंजिवांचें पत्र पडद्यावर उमटूं लागलें कीं तें तसेंच्या तसें एका फाइलींत उतरवून ठेवीत, आणि सकाळीं सर्वांस वाचून दाखवीत. मराठी पत्र, पण लिपी रोमन. त्यामुळें 'काका' कीं 'काक' असा वादहि चहाच्या वेळीं होई. अशीं पांच वर्षांचीं पत्रें जमलीं. पुढें मामंजी निवर्तले, खातें कोणीं चालू ठेवलें नाहीं, आणि दिरांनीं दोन नोकऱ्या व चार गांवें बदललीं, तेव्हां त्यांच्यापाशींहि प्रती उरल्या नाहींत. सासूबाई आतां चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. दृष्टि अधू झाली आहे, पण ऐकूं उत्तम येतें. तीं पत्रें एकदां कोणीं तरी पुन्हां वाचून दाखवावीं, एवढेंच त्या मागतात.

लॅपटॉप अजून सुरू होतो. पण फ्लॉपीचा खण बिघडलेला. यूएसबीची सोय त्या यंत्राला मुळांतच नाहीं. नऊ खिळ्यांचें जें मुख असतें त्याचे खिळे वांकून तुटलेले. दुकानदारानें पाहिलें आणि "भंगारांत द्या" म्हणून सांगितलें. शाबूत आहे तें टेलिफोनची तार लावण्याचें छिद्र तेवढें. "त्या छिद्रांतून पत्रें बाहेर काढतां येतील काय?" असा बाईंचा प्रश्न आहे.

येतील. मात्र आधीं एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. लॅपटॉप उघडून आंतील हार्ड डिस्क काढावी, ती योग्य त्या जोडणीनें नव्या संगणकास लावावी आणि सर्व मजकूर उतरवून घ्यावा, हा मार्ग सर्वांत जवळचा. ज्याच्या हातास ह्या कामाची संवय आहे असा विश्वासू मनुष्य मिळाल्यास त्याच्याकडेच जावें. परंतु बाई लिहितात कीं, घरांत कोणाचीहि तें उघडण्याची छाती होत नाहीं, आणि ज्यानें न उघडतांच भंगाराचा सल्ला दिला त्याच्या हातीं तें सोंपवावेंसें वाटत नाहीं. ह्यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. इतक्या वर्षांचें प्लॅस्टिक ठिसूळ झालेलें असतें. चालतें यंत्र न उघडतां काम होत असेल तर तसें आधीं करून पाहावें हेंच बरें.

आतां मोडेम म्हणजे काय तें थोडें पाहूं, कारण पुढील सर्व खटपट त्यावर अवलंबून आहे. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठीं योजलेली. सेकंदास सुमारें ३०० ते ३४०० कंपनें, एवढ्याच पट्टींतला नाद ती व्यवस्था नीट वाहून नेते. संगणकाला तर शून्य आणि एक ह्यांवांचून दुसरें कांहींच ठाऊक नाहीं. ह्या दोहोंमधला दुभाषा तो मोडेम. आपल्या संगणकाच्या शून्य-एकांचे तो सूर बनवितो, आणि पलीकडून आलेल्या सुरांचे पुन्हां शून्य-एक करतो. अमेरिकेंतील बेल कंपनीच्या १९६२ सालच्या '१०३' ह्या मोडेमचें उदाहरण घेतलें म्हणजे गोष्ट चटकन ध्यानांत येते. हांक मारणारा मोडेम शून्यासाठीं १०७० आणि एकासाठीं १२७० कंपनांचा सूर काढी. ओ देणारा २०२५ आणि २२२५ चा. गाण्याच्या भाषेंत सांगावयाचें तर दुसरा पहिल्याहून जवळजवळ एक सप्तक वर गात असे, म्हणून एकाच तारेवर दोघेहि एकाच वेळीं बोलले तरी गोंधळ होत नसे. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे सुमारें तीस अक्षरें. पुढचे मोडेम ह्याहून पुष्कळ हुषार निघाले. ते एकाच पट्टींत बोलतात आणि आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनि वजा करून दुसऱ्याचें ऐकतात. १९९४ सालीं वेग २८,८०० वर आणि १९९६ सालीं ३३,६०० वर गेला. पण एक नियम तेव्हांपासून आजतागायत कायम आहे: दोघांपैकीं एकानें हांक मारली पाहिजे व दुसऱ्यानें ओ दिली पाहिजे. दोघेहि हांका मारूं लागले किंवा दोघेहि ओ देत बसले, तर जन्मांत गांठ पडावयाची नाहीं. बाईंचें काम ह्या एका नियमावर होणार आहे.

मोडेमशीं बोलावयाची भाषा १९८१ सालीं अमेरिकेंतील हेज ह्या कंपनीनें आपल्या 'स्मार्टमोडेम'साठीं ठरविली, आणि बाकीच्या कारखानदारांनीं तिचीच नक्कल केल्यामुळें ती सर्वांची झाली. प्रत्येक आज्ञेच्या आरंभीं 'ए' आणि 'टी' हीं दोन इंग्रजी अक्षरें. तीं 'लक्ष द्या' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचीं अक्षरें. आपल्या चोपदाराच्या ललकारीसारखीच म्हणावयाचीं. नुसतें 'एटी' टंकून एंटर दाबलें कीं मोडेम 'ओके' असें उत्तर देतो. हें उत्तर आलें म्हणजे अर्धी लढाई जिंकली असें समजावें. 'डी' म्हणजे डायल कर, 'ए' म्हणजे उचल, 'एच' म्हणजे खालीं ठेव, 'झेड' म्हणजे पूर्वस्थितीवर ये. 'अँड' चिन्ह आणि 'एफ' म्हणजे कारखान्यांतून निघतांना होतास तसा हो. कोणी काय उलटसुलट करून ठेवलें आहे तें कळेनासें झालें कीं हीच शेवटची आज्ञा उपयोगी पडते.

'ओके' येत नसेल तर मोडेम मेला असें मानण्याची घाई करूं नये. दोष बहुधा तीन ठिकाणीं असतो. सॉफ्टवेअर एका दारावर ('कॉम' ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या) ठोठावीत आहे आणि मोडेम दुसऱ्या दाराआड बसला आहे, हा पहिला. मामंजींच्या काळच्या यंत्रांत पहिलें व तिसरें दार एकाच घंटेवर, आणि दुसरें व चौथें एका घंटेवर, अशी मांडणी सर्रास असे. उंदीर पहिल्या दारावर आणि मोडेम तिसऱ्यावर लावला कीं उंदीर हलवितांच मोडेम मुका! जुन्या विंडोजच्या नियंत्रण-फलकांत 'मोडेम' ह्या नांवाखालीं 'डायग्नोस्टिक्स' म्हणून एक पान आहे. तेथें मोडेम कोणत्या दारावर आहे तें स्पष्ट लिहिलेलें असतें. तें पाहून घ्यावें आणि कागदावर टिपून ठेवावें.

दुसरें, अक्षराची बांधणी. आठ बिट, समतेचा बिट नाहीं, थांबण्याचा एक बिट, ही आतां सर्वत्र रूढ आहे. एका बाजूस आठ व दुसऱ्या बाजूस सात असल्यास पडद्यावर भुताटकी झाल्यासारखीं चिन्हें उमटतात. त्या काळीं कित्येक घरांतून अशा चिन्हांना 'व्हायरस' म्हणून नांवें ठेवलीं गेलीं, वास्तविक तो केवळ दोघांमधील मतभेद होता.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि ह्या बाबतींत माहितीपुस्तकांनीं लोकांचा जेवढा घोटाळा केला तेवढा दुसऱ्या कोणत्याहि बाबतींत केला नसेल. वेग एक नसून दोन आहेत. संगणकापासून मोडेमपर्यंतचा एक, आणि ह्या मोडेमपासून त्या मोडेमपर्यंतचा दुसरा. पहिला आपण सॉफ्टवेअरमध्यें ठरवितों. दुसरा दोघे मोडेम तारेची स्थिति पाहून आपसांत ठरवितात. पहिला नेहमीं दुसऱ्याहून मोठा ठेवावा, आणि भांडें भरून वाहूं लागलें तर 'थांब' म्हणण्याचा हक्क मोडेमला असावा. ह्यासाठीं 'फ्लो कंट्रोल' ह्या ठिकाणीं 'हार्डवेअर' ही निवड करावी. ती न केल्यास मधलीं अक्षरें गळतात. पत्र येतें, पण दातांत फटी असाव्या तसें.

टेलिफोन-खात्याच्या तारेवरून मोडेम चालविणाऱ्यांस आणखी एक अडचण येई. परदेशी मोडेमला त्याच्या देशचा डायल-टोन ओळखावयास शिकविलेलें असे. अमेरिकेंतला टोन ३५० आणि ४४० कंपनांच्या दोन सुरांचा. आपल्याकडचा ४०० चा, थरथरता. बिचारा मोडेम रिसीव्हर उचली, कान लावी, ओळखीचा सूर न आल्यामुळें 'नो डायल-टोन' असें लिही, आणि खालीं ठेवी. त्यावर उपाय 'एक्स' व ३ हा आंकडा असलेल्या आज्ञेचा. म्हणजे टोनची वाट न पाहतां सरळ डायल कर. शिवाय जुन्या एक्स्चेंजला सुरांचें डायलिंग समजत नसे, म्हणून 'डी'पुढें 'टी'ऐवजीं 'पी' घालून टकटक असे ठोके द्यावे लागत. कचेरींतून बाहेरची लाइन शून्य फिरवून घ्यावयाची असे, तेथें शून्यानंतर एक स्वल्पविराम टंकावा. मोडेम तेथें दोन सेकंद दम खातो.

आणि एवढें सर्व जुळून आलें तरी एकत्र कुटुंबांत एक टेलिफोन दिवाणखान्यांत व त्याचीच दुसरी शाखा माजघरांत असावयाची! मोडेमची बोलणी रंगांत आलीं असतां आत्याबाईंनीं सहज रिसीव्हर उचलून "हॅलो" म्हटलें कीं संपलें. पडद्यावर 'नो कॅरिअर'. मामंजी रोज रात्रीं निजानीज झाल्यावर मोडेम लावीत, असें बाई लिहितात, त्याचें एक कारण हें असलेंच पाहिजे.

पण आतां टेलिफोन-खात्याकडे जाण्याचें आपणांस कारणच नाहीं. मामंजी ज्या नंबरास डायल करीत तेथें ओ देणारा कोणी राहिला नाहीं. अमेरिकेंतील एओएल कंपनीनेंहि आपली डायल-अपची सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद केली. तेव्हां ओ देणारा मोडेम आपल्याच घरांत, त्याच टेबलावर, बसवावयाचा.

त्यासाठीं नव्या संगणकास यूएसबीनें जोडतां येईल असा एक बाहेरचा मोडेम मिळवावा. जुन्या बाजारांत असे मोडेम मिळतात. त्यावर 'लाइन' आणि 'फोन' अशीं दोन छिद्रें असल्यास 'लाइन' हेंच घ्यावें. साधी टेलिफोनची चपटी तार, दोन्ही टोंकांस प्लॅस्टिकची पारदर्शक अटक असलेली, घेऊन तिचें एक टोंक लॅपटॉपच्या छिद्रांत आणि दुसरें ह्या मोडेमच्या 'लाइन' छिद्रांत घालावें. भिंतींतल्या टेलिफोनशीं ह्या तारेचा कांहीं संबंध ठेवावयाचा नाहीं.

लॅपटॉपवर विंडोज ९५ किंवा ९८ असेल तर त्यांत 'हायपर-टर्मिनल' हें सॉफ्टवेअर बहुधा आहेच. मामंजींनीं पत्रें त्यांतच उतरविलीं असण्याचा पुष्कळ संभव आहे. नव्या विंडोजमध्यें तें येत नाहीं. तेथें 'टेरा-टर्म' हें विनामूल्य मिळणारें सॉफ्टवेअर घालावें. हायपर-टर्मिनल उघडतांच तें नंबर व गांव विचारूं लागेल. येथें पुष्कळांचा पाय घसरतो. 'कनेक्ट यूझिंग' ह्या चौकटींत मोडेमचें नांव निवडलें तर सॉफ्टवेअर मोडेमला स्वतःच्या ताब्यांत घेतें आणि आपणांस आज्ञा टंकूं देत नाहीं. म्हणून नांव न निवडतां 'डायरेक्ट टु कॉम' आणि टिपून ठेवलेला दाराचा आंकडा निवडावा. वेग ३८,४०० ठेवावा, बांधणी वर सांगितलेली, फ्लो कंट्रोल हार्डवेअर. टेरा-टर्ममध्येंहि 'सीरिअल' निवडून नव्या मोडेमचें दार द्यावें आणि तोच वेग, तीच बांधणी ठेवावी. दोन्हीकडे 'एटी' टंकून 'ओके' घ्यावें. तें आल्याशिवाय पुढें जाऊं नये.

मग लॅपटॉपवर 'एटी', 'एक्स', १ आणि 'डी' हें सलग टंकावें, मध्यें जागा न सोडतां, पुढें नंबर न देतां. डायल-टोनची वाट न पाहतां हांक मार, असा त्याचा अर्थ. लागलीच दुसऱ्या संगणकावर 'एटीए' टंकून एंटर दाबावें. फार वेळ लावूं नये. हांक मारणारा साधारण मिनिटभरच वाट पाहतो. ओ देणारा प्रथम २१०० कंपनांचा एक लांब सूर काढील. त्यामागून ज्यांनीं ऐकला आहे ते कधीं विसरणार नाहींत असा किंचाळण्याचा, घरघरीचा व खवखवण्याचा कल्लोळ होईल. बाईंनीं सासूबाईंस जवळ बसवून घ्यावें. तो आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. कल्लोळ थांबला कीं दोन्ही पडद्यांवर 'कनेक्ट' हा शब्द व वेगाचा आंकडा उमटेल. आतां एकीकडे टंकलेलें दुसरीकडे दिसूं लागतें. कांहीं मोडेम तारेंत विजेचा दाब नाहीं म्हणून अडून बसतात. तसें झाल्यास भूमिका उलट करून पाहावी, लॅपटॉपनें ओ द्यावी व नव्यानें हांक मारावी. तेवढ्यानें न भागल्यास दुसऱ्या बनावटीचा बाहेरचा मोडेम घेऊन पाहावा लागेल.

पुढचें काम सोपें आहे. पत्रांच्या फाइली बहुधा 'टीएक्सटी' ह्या तीन अक्षरी शेपटीच्या असतील. कित्येकांचें नांव 'कॅप्चर' असें असेल, कारण सॉफ्टवेअरच तें सुचवी. लॅपटॉपच्या शोध-खिडकींत त्या शेपटीचा शोध घेतला म्हणजे सर्व एकत्र दिसतील. टेरा-टर्मच्या 'फाइल' यादींत 'ट्रान्स्फर', त्यांत 'झेड-मोडेम', त्यांत 'रिसीव्ह' असें करून ठेवावें, आणि हायपर-टर्मिनलच्या 'ट्रान्स्फर' यादींतून 'सेंड फाइल' निवडून तेथेंहि 'झेड-मोडेम' सांगावें. झेड-मोडेम ही चक फोर्सबर्ग ह्यांनीं १९८६ सालीं तयार केलेली देवघेवीची पद्धति. मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची बेरीज-वजाबाकीनें पडताळणी करावी, चुकलेला तुकडा पुन्हां मागून घ्यावा, आणि मध्येंच तार निसटली तर जेथें थांबलें तेथून पुढें चालू करावें, अशी तिची रीत आहे. नुसतीं अक्षरें पडद्यावरून वाहूं देण्यापेक्षां हाच मार्ग धरावा. पत्रांतलें एकहि अक्षर बदलतां कामा नये.

वेळ किती लागेल? पांचशें पत्रें धरलीं आणि प्रत्येकांत तीन हजार अक्षरें, तर एकंदर पंधरा लक्ष अक्षरें होतात. २८,८०० च्या वेगानें सेकंदाला सुमारें २,८८० अक्षरें जातात; म्हणजे नऊ मिनिटांचें काम. मात्र लॅपटॉप पुन्हां पुन्हां चालू-बंद करूं नये. जुनी डिस्क कोणत्या खेपेस फिरावयाची थांबेल ह्याचा नेम नसतो. नवा मोडेम, तार व टेरा-टर्म सर्व तयार झाल्यावर, कोणास कांहीं घाई नसेल असा दिवस पाहून, एकाच बैठकींत काम उरकावें. सर्वांत आधीं फाइल पाठवावयाची ती सर्वांत लहान. ती पोंचून उघडली कीं मग बाकीच्या. तारीख चुकीची दिसल्यास घाबरूं नये. आंतील छोटी बॅटरी संपली एवढाच त्याचा अर्थ. पत्रांच्या आंत ज्या तारखा आहेत त्या जशाच्या तशा असतात.

फाइली आल्यावर त्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, एक दिरांस धाडावी, आणि एक मोठ्या टाइपांत कागदावर छापून घ्यावी. रोमन लिपींतली मराठी आपोआप देवनागरींत करून देणारीं साधनें आतां आहेत. पण तीं 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' ह्यांत गल्लत करतात, तेव्हां मूळ प्रत हलवूं नये आणि देवनागरी प्रत घरांतल्याच कोणीं तरी नजरेखालून घालावी. वाचून दाखवणाऱ्यानें पहिल्या पत्रापासून, तारखेच्या क्रमानें, रोज दोन-तीन एवढींच वाचावीं असें आम्ही सुचवितों. पांच वर्षांचा मजकूर एका दुपारीं ऐकण्याचा नव्हे.

काम अडल्यास बाईंनीं आम्हांस पुन्हां लिहावें. 'चालत नाहीं' एवढेंच न लिहितां, कोणती आज्ञा टंकली आणि त्यावर कोणत्या यंत्राच्या पडद्यावर कोणतीं अक्षरें उमटलीं, हें त्याच क्रमानें उतरवून पाठवावें. मोडेमचें नांव व त्याच्या पाठीवरचा आंकडाहि लिहावा.